दुधाच्या कपाटातला राउटर

आमच्या सरांना कुणी 'केबलवाले' म्हटलं की ते फोन ठेवून द्यायचे. आपटून वगैरे नाही, अगदी हळू, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवल्यासारखा. मग पुन्हा रिंग वाजायची आणि तो फोन उचलणं माझ्या नशिबी यायचं. पलीकडचा माणूस तापलेला. त्याचं इंटरनेट सकाळपासून बंद, आणि वर हा अपमान. मी त्याला समजवायची, "काका, तुम्ही त्यांना केबलवाले म्हणू नका हो. नुसतं सर म्हणा. लगेच चालू करतील."

"केबल टीव्हीवाल्याची असते," सर म्हणायचे. "आपला रस्ता असतो, बेटा. रस्ता."

सर उल्हासनगरचे, सिंधी. रोज सकाळी स्कूटरवरून अंबरनाथ ओलांडून बदलापूरला यायचे. डिकीत दाल-पकवानचा डबा, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वायरला प्लग दाबायची पक्कड. पूर्वी उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. मराठी ते तिथेच शिकले होते, म्हणजे निम्मं मराठी, पाव हिंदी आणि उरलेलं 'साईं'. रिटायर्ड हवालदार असो की दहावीचं पोरगं, सगळे साईं. मी एकटी बेटा. ती बढती होती की शिक्षा हे मला कधी कळलं नाही, कारण बेटा म्हटलं की पाठोपाठ काम यायचंच.

बदलापूर पूर्वेला, कुळगावातल्या आमच्या गाळ्यात एसी नव्हता. मशीनला हवा लागते म्हणून सरांनी सगळी यंत्रं चक्क जाळीच्या दुधाच्या कपाटात ठेवली होती. त्यांच्या आईचं कपाट. वरच्या फळीवर राउटर, खालच्या फळीवर सगळ्या वायरी जोडायचा स्विच, आणि कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. विजेच्या सामानाखाली पाणी! पहिल्या दिवशी मी किंचाळलेच. सर शांतपणे म्हणाले, "मुंगी करंटपेक्षा खराब, बेटा. करंट बटन दाबलं की जातो." त्या वाट्या रोज सकाळी भरायचं काम माझं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाई मी, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेली, आणि माझ्या दिवसाची सुरुवात मुंग्यांच्या बंदोबस्ताने.

बदलापूरच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कितीतरी इमारतींच्या वायरी त्या कपाटात येऊन मिळायच्या. सुरुवातीला सगळं एकच मैदान होतं. रुळांपलीकडच्या बेलवलीतला माणूस कुळगावातल्या माणसाच्या कॉम्प्युटरात सरळ शिरू शकायचा. एकाने सिनेमा ठेवला की अख्ख्या गावाने तो उतरवून घ्यायचा. लोक खूश होते. तक्रारीचे फोनही कमी यायचे, म्हणून मीही खूश होते.

मग एक दिवस एक नवी नवरी नवऱ्याबरोबर ऑफिसात आली. लग्नानंतर फिरायला गेले होते तेव्हाचे फोटो नवऱ्याने कॉम्प्युटरवर ठेवलेले. कुठलं फोल्डर सगळ्यांना उघडं आहे हे त्या बावळटाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या इमारतींतल्या टवाळ पोरांनी ते पाहिले, आणि भाजी आणायला गेलेल्या त्या पोरीला भर बाजारात कुणीतरी काहीतरी बोललं. नवरा आमच्यावर ओरडत होता, पोलिसांत जातो म्हणत होता. ती मात्र स्टुलावर बसून नुसती रडत होती. सरांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ते उठून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे, बेटी. मी घरं बांधली, दारं नाय लावली."

त्या दिवशी त्यांनी दाल-पकवानचा डबा उघडला नाही. संध्याकाळपर्यंत बसून प्रत्येक इमारतीची वेगळी गल्ली केली. पुस्तकात त्याला व्हीलॅन म्हणतात, सर गल्लीच म्हणायचे. वायरी त्याच, स्विच तोच, पण आतून भिंती घातलेल्या. एका गल्लीतल्याला दुसऱ्या गल्लीतलं काही म्हणजे काही दिसेना. काही न्यायचंच झालं तर ते आधी वरच्या फळीवरच्या राउटरकडे जाणार, राउटर बघणार परवानगी आहे का, आणि असली तरच पलीकडच्या गल्लीत सोडणार. त्यात पुन्हा स्विचपासून राउटरपर्यंत वायर एकच. त्याच वायरने वर जायचं आणि त्याच वायरने खाली यायचं.

मी म्हटलं, "सर, हा काय द्राविडी प्राणायाम? दोन्ही इमारतींच्या वायरी खालीच शेजारी शेजारी लागल्यात. वर कशाला पाठवायचं?"

"कोर्टात पण दोन्ही पार्ट्या शेजारीच बसतात ना?" सर म्हणाले. "तरी जज वर असतो."

आणि हा रस्ता उघडून घ्यायचा तर सरांचा कायदा होता. फोनवर नाही, चिठ्ठीवर नाही, वशिल्यावर तर मुळीच नाही. दोन्ही इमारतींतला एकेक माणूस, ज्याच्या नावावर कनेक्शन आहे असा, स्वतः ऑफिसात आला पाहिजे. सर त्या दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवायचे आणि आळीपाळीने विचारायचे, "यांना ओळखता? यांनी तुमच्याकडे डोकावलं तर चालेल?" दोघांनी तोंडाने हो म्हणायचं. मान हलवलेली चालायची नाही. मग सर की-बोर्ड पुढे ओढून दोन-चार ओळी टाइप करायचे आणि म्हणायचे, "जा साईं, गल्ल्या जोडल्या." राउटरचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. मी कितीदा म्हटलं, सर, तुम्ही आजारी पडलात तर? तर म्हणायचे, "तर लोक चार दिवस आपापल्या घरात बसतील. काय वाईट?"

लोक वैतागायचे, पण यायचे. एकदा दोन गेमवाले आले. जुन्या मैदानाच्या काळात ते महिनोन् महिने एकमेकांना गोळ्या घालत होते, टोपणनावाने शिव्याही देत होते, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांना पुन्हा लढायचं होतं. खुर्च्यांवर बसले तर एक नववीतला पोरगा, वडिलांना घेऊन आलेला, आणि दुसरा टक्कल पडलेला बँकेतला साहेब. साहेब इतका लाजला की त्याला कुठे बघावं ते कळेना. सर म्हणाले, "यांना ओळखता?" दोघंही नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. "मग ओळख करून या. खाली वडापाव चांगला मिळतो." गेले बिचारे, पोराचे वडीलही मागोमाग. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा साहेब त्या पोराची गणिताची शिकवणी घ्यायचं कबूल करून बसला होता. सरांनी रस्ता उघडला, पण परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवायच्या अटीवर. मला हसू आवरेना. सरांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या, त्यांना ना गल्लीशी देणंघेणं ना ओळखीशी. आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं आणि सर गाळा बंद करून उल्हासनगरला आपल्या घरी बसले. आज कुणी विचारलं की तुझे पहिले बॉस कसे होते, तर विक्षिप्त होते असंच सांगते. पण त्यांचं खरं माप मला माझ्याच भानगडीत कळलं, ती सांगते.

मी बेलवलीची. माझे पप्पा अंबरनाथला कंपनीत होते आणि आमच्या वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. जयंतीच्या स्टेजवर दरवर्षी त्यांचं भाषण. जाती मोडायच्या तर पोरापोरींनी जातीबाहेर लग्नं केली पाहिजेत, असं ते हात वर करून सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या रांगेत असायची. मग मी तेच केलं. कुळगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. फक्त आधी घरी सांगितलं नाही, आणि पप्पांना ते स्टेशनबाहेर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिथेच सगळं बिनसलं. "लग्नाचं काही नाही," ते आईला म्हणाले, "पण माझ्यावर भरवसा नव्हता तिचा." एवढं म्हणाले आणि माझ्याशी बोलणं तोडलं.

मला मुलगी झाली. बारशालाही पप्पा आले नाहीत आणि आईही आली नाही. आई फोनवर बोलायची, बाळाचा आवाज ऐकून रडायची, पण यायचं नाव काढलं की म्हणायची, "त्यांना सोडून मी येणार नाही. आणि लपूनछपून तर मुळीच नाही. लपून बघायला चोरीचं पोर आहे का ते?" बाळ रांगायला लागलं तरी तिच्या सख्ख्या आजीने तिला पाहिलं नव्हतं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की पलीकडे आजी, आणि तरी नाही. मला दुसरं काही नको होतं, आईने एकदा बाळाला बघावं एवढंच हवं होतं.

तेव्हा मला युक्ती सुचली. पप्पांच्या घरी आमचंच कनेक्शन होतं, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसांतलं. माझ्या घरी कॅमेरा होता. दोन गल्ल्यांमधला रस्ता उघडला की दुपारी आईला कॉम्प्युटरसमोर बसवायचं आणि बाळ दाखवायचं. मी सरांना सांगितलं. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडचं कनेक्शन कोणाच्या नावावर?"

"पप्पांच्या."

"मग पप्पांना आण."

"सर! ते आले असते तर कॅमेरा कशाला लागला असता?"

"कायदा आहे, बेटा."

"आग लागो तुमच्या कायद्याला," मी म्हटलं. तोंडावर म्हटलं. "दोन ओळी टाइप करायच्या आहेत. एका आजीला नात बघायची आहे. कोणाचं काय लुटलं जाणार आहे?"

सर खिशातली पक्कड काढून वायरीला प्लग दाबत बसले. वरून आईला युक्ती सांगितली तर तीही म्हणाली, "त्यांच्या पाठीमागे नको गं." दोघं एका माळेचे मणी. दोन दिवस मी सरांशी कामापुरतंच बोलले, आणि वाट्यांत पाणी भरताना मुद्दाम सांडलं.

आता यात साळवेकाका येतात. साळवेकाका म्हणजे पप्पांचे कंपनीतले जिवलग. रिटायर झाल्यावर ते कुळगावात राहायला आले होते, आणि आम्हाला भाड्याचं घर त्यांनीच मिळवून दिलं, त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच मजल्यावर. मी कामाला गेले की बाळ साळवेकाकूंकडे. पप्पांना हे ठाऊक होतं. त्यावरून ते काकांवर चिडले होते, पण बुद्धिबळ सुटत नव्हतं. रोज संध्याकाळी काका पूल चढून बेलवलीला जायचे, दोन डाव खेळायचे, परत यायचे. पप्पा मात्र काकांकडे कधी येत नसत. आले असते तर माझं दार समोर होतं.

आणि काका जिन्यात घसरले. पायाला प्लास्टर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बुद्धिबळ बंद पडलं. आई सांगायची, पप्पा संध्याकाळी पट मांडतात, एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात आणि सोंगट्यांवर चिडतात.

एक दिवस ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. "हॅलो."

पलीकडून पप्पांचा आवाज, "मालकांना द्या."

द्या! पोटच्या पोरीला अहोजाहो. मी फोन सरांच्या पुढ्यात ठेवला आणि पाणी प्यायला गेले. पप्पांना काय हवं होतं ते सरांच्या बोलण्यावरून कळलं. कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळता येतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना साळवेकाकांच्या इमारतीपर्यंत रस्ता हवा होता. म्हणजे माझ्याच इमारतीपर्यंत, पण माझा जिना न चढता. सर म्हणाले, "फोनवर नाय होत, साईं. सामने या. दुसऱ्या पार्टीला पण आणा."

आठवडा गेला. शनिवारी दुपारी पप्पा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, सभेला निघाल्यासारखे. लग्नानंतर मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. मला भरून आलं आणि त्याच दमात रागही आला, की मला न विचारता हे म्हातारे कसे झाले. त्यांनी माझ्याकडे न बघता सरांना नमस्कार केला आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

"दुसरी पार्टी?" सरांनी विचारलं.

"त्याचा पाय मोडलाय. तो कसा येणार? तुम्ही फोनवर विचारा त्याला."

सरांनी काकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. काका हसतच होते. "अहो सर, मला कशाला विचारता? तुमच्या कायद्याप्रमाणे इमारतीतलं कुणीही चालतं ना, ज्याच्या नावावर कनेक्शन आहे? आहे की तुमच्या समोर. तिलाच बसवा माझ्याऐवजी." आणि फोन ठेवून दिला. म्हातारा पक्का बुद्धिबळवाला, चार चाली पुढचं बघणारा.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. "बस, बेटा."

मी टेबलामागून उठले आणि पप्पांच्या समोर जाऊन बसले. पप्पा कपाटातल्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे बघत होते. बाहेर रिक्षावाले गिऱ्हाइकावरून भांडत होते, त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते आता उठून जातील आणि मग आईने बाळाला कधीच बघायचं नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. सरांनी नेहमीच्या, कुणालाही विचारायच्या, त्याच कोरड्या आवाजात विचारलं.

"यांना ओळखता?"

पप्पांनी खिशाचं पेन काढलं आणि परत लावलं. सरांना घाई नव्हती.

"ओळखतो," पप्पा शेवटी म्हणाले.

"कोण?"

हे सर कुणालाच विचारत नसत. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते पप्पांकडे बघत होते.

"मुलगी आहे माझी," पप्पा म्हणाले. मग खाकरून, जरा हळू, "थोरली."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी पुसलंही नाही. सरांनी की-बोर्ड पुढे ओढला, दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि मग तो बाजूला सारला.

"मग रस्ता नाय मिळणार."

"का?" पप्पांचा स्टेजवरचा आवाज परत आला. "तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं ना मी?"

"रस्ता दोन गल्ल्यांच्या मध्ये लागतो, साईं. घरातल्या घरात कोणी राउटर बसवतं का? बाप आणि मुलीच्या मध्ये मी मशीन लावू? वर गेल्यावर मला विचारतील."

"अहो, मी तिच्यासाठी नाही आलो. बुद्धिबळासाठी आलोय!"

"पाय साळवेसाहेबांचा मोडलाय," सर म्हणाले. "तुमचा ठीक आहे ना?"

आणि ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि चहाला निघून गेले. भर कामाच्या वेळात, फोन मोकळा टाकून. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

आम्ही दोघंच उरलो. पप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं, उठले. पण ते उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, खूप वेळ पुसला.

"मला सांगितलं असतंस तर मी उभा राहिलो असतो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो असतो."

"मला भीती वाटली, पप्पा."

"माझी?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "साळवे म्हणत होता, रांगायला लागली."

"हो. त्यांच्या सोंगट्या तोंडात घालते."

"कुठल्या?"

"घोडा सापडला की सोडत नाही."

ते हसले नाहीत, पण ओठ हलले. मग त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि नंबर फिरवला. पलीकडे आईने उचलल्याचा आवाज मलाही आला.

"मी बोलतोय," पप्पा म्हणाले. "चप्पल घाल, मी घ्यायला येतो... अगं, कुठे काय विचारतेस? पोरीकडे."